तेरावं व्हायच्या आत

"काकू, नवरा जाऊन एक रात्रसुद्धा उलटली नाही, तोवर बाईच्या घरी प्रेमाची कबुली द्यायला येणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?"

गडग्यापलीकडे काकू आमसुलं उलटत होत्या. बोटं मनगटापर्यंत जांभळी. इकडेतिकडे बघून त्या गडग्याला अगदी खेटून उभ्या राहिल्या.

"कोण गो? वरच्या वाडीतला?"

"छे हो. कोलंबियातला."

"अगो, मग हळू कशाला बोलतेस?"

"पुस्तकातला आहे. भाची मे महिन्यात आली होती ना, ती विसरून गेली. इंग्रजी आहे. 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा'. मार्केझचं."

"तरीच! तुझ्या खोलीत मध्यरात्री दिवा दिसतो, म्हटलं बरं नाही की काय. बरं, तेरावं तरी होऊ दिलं का त्याने?"

"तेरावं कसलं! समाचाराला आलेली माणसं नुकती बाहेर पडलीत, बाई निरोप देऊन मागे वळतेय, तर हा रिकाम्या दिवाणखान्यात उभा. काळे कपडे, हॅट छातीशी धरलेली. म्हणे, माझं अजून तुमच्यावरच प्रेम आहे. तिने नाही म्हटल्याला 51 वर्षं, 9 महिने आणि 4 दिवस झाले होते."

"मेल्याने दिवस मोजले होते?"

"दिवसही मोजले. त्याचं वय 76, तिचं 72."

काकूंचा हात सोलांवरच राहिला. "आणि ती?"

"हाकलला. पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणाली."

"शाबास. नवरा कशाने गेला?"

"आंब्यावरून पडून."

हे काकूंना एकदम जवळचं वाटलं. आमच्याकडे दर हंगामात कुणी ना कुणी आंब्यावरून पडतं, आणि पडला तो माणूस कसा पडला, कुठल्या फांदीवरून पडला, हे गणपतीपर्यंत पुरतं. "कोलंबियात आंबे?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आपलेच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेत गेले आणि तिकडे पसरले. पण हा आंबे काढायला नव्हता चढला. पोपट पळाला होता."

"वय काय?"

"81. गावातला सगळ्यात मोठा डॉक्टर, हुवेनाल उर्बिनो नाव. पोपट फ्रेंच बोलायचा म्हणे. देशाचा राष्ट्राध्यक्ष ऐकायला आला, तर दोन तास तोंड उघडलं नाही मेल्याने. तो पोपट आंब्यावर जाऊन बसला. आधी आगीचे बंबवाले बोलावले. त्यांनी फांद्या छाटल्या, घरात पाणी मारून सामान भिजवलं, पोपट काही मिळाला नाही. मग हे स्वतः शिडी लावून चढले. पोपट हातात आला आणि शिडी निसटली."

"झेला नव्हता का गो घरात?"

काकूंचे यजमान तारखात्यात होते. त्यामुळे पुढचं सांगायला मला जरा उत्साह होता. म्हटलं, आता ऐका, हा प्रियकर मुळात तारघरातला पोऱ्या. फ्लोरेंतिनो अरिसा. एका घरी तार द्यायला गेला, तर खिडकीतून दिसलं की फेर्मिना नावाची शाळकरी मुलगी आपल्या आत्याला वाचायला शिकवतेय. मुलीने मान वर करून बघितलं, तेवढं एकदाच. संपलं. त्यानंतर हा रोज बागेत बदामाच्या झाडाखाली पुस्तक उघडून बसायचा, आणि आत्या-भाची शाळेला जाताना-येताना समोरून जायच्या.

"आमच्या ह्यांच्यासारखाच. फक्त हे पुस्तक धरायचे ते उलटं."

"म्हणजे?"

"पुढे सांग."

काकूंनी ते कधी सांगितलं नाही, आणि आता गडग्यावरून विचारणं बरं दिसत नव्हतं.

पहिलं पत्र लिहायला बसला तो साठ-सत्तर पानं लिहून बसला. मग आईने शहाणपण शिकवलं, तेव्हा ते घरी ठेवून आटोपशीर पत्र घेऊन गेला. मुलगी भरतकाम करत बसलेली. पत्र घ्यायला तिने भरतकामाची चौकट पुढे केली, तर वरून पाखराने नेमकी त्या चौकटीवर घाण टाकली. ती लाजली आणि चौकट खुर्चीमागे लपवली. काकू, मला सांगा, नोबेल मिळालेला माणूस प्रेमाची पहिली भेट लिहितोय आणि मध्ये पाखराची शीट आणतो. इथे मी त्याच्यावर जी भाळले ती मग सहजासहजी सुटले नाही. पुढे उत्तराची वाट बघताना त्या पोराला जुलाब लागले, हिरव्या उलट्या झाल्या. आईला वाटलं पटकी झाली. होमिओपथीवाल्याने तपासलं आणि सांगितलं, हे प्रेम आहे.

"दोन्हीवर औषध एकच. उपास."

मग मुलीच्या बापाला कळलं. त्याने आत्याला घरातून घालवलं आणि मुलीला खेचरावर बसवून डोंगरापलीकडच्या नातेवाइकांकडे नेली, विसरेल म्हणून. पण हा तारघरातला. प्रत्येक गावच्या तारमास्तरला त्याने आपल्या बाजूने करून घेतलं. ती जिथे पोचेल तिथे तार तिच्याआधी पोचलेली. बापाला पत्ता नाही.

"हे खोटं नाही हो," काकू म्हणाल्या. "तारवाले आपापसात असलं करायचे. रात्रपाळीला लाइन मोकळी असली की एकमेकांना घरची खबर विचारायचे. आमच्या लग्नाचं असंच ठरलं, खेडच्या तारमास्तराने मुलगी बरी आहे म्हणून कळवलं होतं. फुकट." 2013 च्या जुलैमध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्या दिवशी काकूंनी काकांच्या फोटोला वेगळा हार घातला होता, हे मला आठवतंय.

हा तारेचा भाग लेखकाच्या घरातलाच आहे. त्याचा बाप अराकाताकात तारमास्तर होता, आणि आईच्या घरच्यांनी तिला त्याच्यापासून तोडायला अशीच गावोगाव फिरवली होती. त्यांचं लग्न झालं, 1927 साली हा मुलगा झाला, आणि 1985 साली मुलाने आईबापाचं प्रेम घेऊन हे पुस्तक लिहिलं. फक्त आईबापांचं लग्न झालं तिथे पुस्तकातल्यांचं मोडलं. मला वाटतं पुस्तकातली खरी हुशारी ह्या मोडण्यात आहे.

"का मोडलं? बापाने मोडलं?"

"तिने मोडलं. तेच तर! ती परत आली, बाजारात खरेदीला निघाली, पायात उत्साह. हा मागे मागे. आणि अचानक कानाशी आवाज आला म्हणून वळून बघितलं. समोर तो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पत्रं लिहिली, तारा केल्या, तो अगदी हाताच्या अंतरावर. आणि तिला काहीच वाटलं नाही. नुसतं, अरे देवा, ह्याच्यासाठी आपण एवढं केलं? हात हलवून विसरून जा म्हणाली. दुसरा शब्द नाही. त्याच दुपारी पत्रं परत."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होतं असं."

मी त्या बाजारातल्या प्रसंगावर दोन दिवस भांडत होते, मनातल्या मनात. पहिल्यांदा राग आला. एवढी पानं माझ्याकडून वाचून घेतलीस, मलाही त्या पत्रांत गुंतवलंस, आणि एका हातवाऱ्यात संपवतेस? पण नंतर वाटलं, पोरीचं बरोबर होतं. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं नीट, त्याचं अक्षर पाहिलं होतं. अक्षराशी कसं लग्न करायचं? पाठ थोपटावी तर तिची. आणि हा तिथून पुढे अर्धं शतक वाट बघतो, ते तिला विचारून नव्हे. तिने सांगितलं होतं का थांब म्हणून? पन्नास वर्षं कुणाचा तरी नवरा मरायची वाट बघणं, ह्याला हे लोक प्रेम म्हणतात. मागच्या कव्हरावरही तसंच छापलंय.

"डॉक्टर कसा होता पण? नवरा म्हणून?"

"नवऱ्यासारखा."

"कळलं."

पॅरिसहून शिकून आला होता, गावातल्या कॉलऱ्याशी झुंजला होता. हिला कॉलरा झाला की काय म्हणून तपासायला आला आणि पोट बिघडलंय एवढंच निघालं. लग्न झालं. सासर मोठं, सासू वाईट, आणि रोज ताटात वांगं. काकू, वांग्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. त्या तारवाल्याने लग्नाचं विचारलं होतं ना, तेव्हा हिने होकार दिला होता एका अटीवर, मला वांगं खायला लावायचं नाही. तेवढीच अट. आणि लग्न झालं डॉक्टरशी, सासूच्या घरी वांग्यावाचून दिवस जात नाही. ती रडायची. आणि मग कितीतरी वर्षांनी एका मोठ्या मेजवानीत काहीतरी खाल्लं, परत मागून घेतलं, आणि कळलं काय तर ते वांगंच. पुढे घरी वांगं इतकं शिजायला लागलं की बघायला नको.

"भरीत असेल," काकू म्हणाल्या. "भरीत कळत नाही पटकन."

पण ज्या प्रसंगासाठी मी हे पुस्तक कुणालाही देईन तो साबणाचा. एक दिवस डॉक्टर न्हाणीतून बाहेर आला आणि वैतागून म्हणाला, मी जवळजवळ आठवडाभर साबणाशिवाय आंघोळ करतोय. खरं म्हणजे साबण संपून तीनच दिवस झाले होते. ती ठेवायला विसरली होती, तिला आठवलंही होतं. पण 'आठवडाभर' म्हटलं म्हणून ती भडकली. म्हणाली, मी तर रोज न्हातेय, साबण होता तिथे. झालं. बोलणं बंद. मुलं निरोप्या. त्याने बिऱ्हाड इस्पितळात हलवलं. एकदा समेटाची वेळ आली तर तो म्हणे आर्चबिशपपुढे जाऊ, साबण होता की नव्हता ते एकदा देवानेच ठरवू दे. ती काय म्हणाली ते मी गडग्यावरून सांगत नाही, पण आर्चबिशपविषयी होतं आणि सगळ्या गावात झालं. चार महिने! शेवटी एका रात्री तो पुस्तक वाचता वाचता तिच्या पलंगावर झोपून गेला. तिने हलवून उठवलं, उठा, तुमच्या खोलीत जा. पण त्याला ती मऊ गादी सोडवेना. डोळे न उघडता म्हणाला, राहू दे मला इथे. साबण होता.

काकूंनी तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. "आमच्यात मिठावरून झालं होतं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस. सासूबाई मध्ये जेवण वाढायच्या. आमचे हे काही म्हणाले नाहीत हो शेवटी मीठ होतं म्हणून. मेलेही तसेच, अळणी होतं म्हणत."

ह्या चार महिन्यांत मला जेवढं प्रेम दिसलं तेवढं त्या फ्लोरेंतिनोच्या सगळ्या पत्रांत नाही. आणि इथेच माझी अडचण आहे, काकू. लेखक हे इतकं सुंदर लिहितो, की मला डॉक्टर आवडायला लागतो. मग पुढे त्याच डॉक्टरचं एका पाद्र्याच्या मुलीशी, बार्बरा लिंच म्हणून, प्रकरण निघतं. फेर्मिनाला कसं कळलं माहितीये? धुवायला टाकलेल्या कपड्यांचा वास घेऊन.

"तसंच कळतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही. पुढे सांग."

घर सोडून चुलतबहिणीच्या गावी गेली, दोनेक वर्षं राहिली, मग तो आणायला गेला आणि आली. ते मी मान्य केलं. संसारात तेवढं धरून चालतात. पण ह्या सगळ्या काळात तिकडे फ्लोरेंतिनो काय करत होता? बायका. वह्याच्या वह्या भरल्या होत्या त्याने, 25 वह्या, 622 नोंदी. आणि त्या फक्त जरा टिकलेल्या प्रकरणांच्या, उडत्या वेगळ्या.

"622! आणि हा तिच्यासाठी थांबला होता?"

"ऐका तर. शेवटी बोटीवर तिला सांगतो, मी तुझ्यासाठी ब्रह्मचारी राहिलो. तिचा विश्वास बसला नाही, पण सांगण्याची पद्धत आवडली."

"ठेवून देते मी त्याला."

मधला हा भाग मला जड गेला. एक विधवा, मग दुसरी, मग तिसरी. कुठे गंमत, कुठे नुसती यादी. गंमत होतीच. हा नदीवरच्या बोटींच्या कंपनीत कारकून होता, तर धंद्याची पत्रंही यमकात लिहायचा. बाजारातल्या कमानींखाली बसून अडाण्यांची प्रेमपत्रं लिहून द्यायचा. एकदा मुलाचंही पत्र ह्यानेच लिहिलं आणि मुलीचं उत्तरही ह्यानेच, दोघांना कळलं तेव्हा त्यांनी पहिल्या मुलाचा धर्मपिता ह्यालाच केलं. हे वाचताना मी एकटी हसले. पण त्यातच एका बाईच्या पोटावर ह्याने रंगाने काहीतरी लिहिलं, ती पुसायला विसरली, आणि नवऱ्याने तिचा गळा कापला. लेखक ते चार ओळींत सांगून पुढे जातो. मी थांबले. तो थांबला नाही.

आणि मग ती मुलगी. अमेरिका विकुन्या. 14 वर्षांची, लांबच्या नात्यातली, शाळेसाठी शहरात पाठवलेली. आईबापांनी पालक म्हणून नेमला कुणाला? ह्या 76 वर्षांच्या थेरड्याला.

काकू काही बोलल्या नाहीत. सूप खाली ठेवलं.

मी आवाज खाली घेतला, कारण हे खरंच मोठ्याने बोलवत नव्हतं. डॉक्टर गेल्याच्या घंटा वाजल्या तेव्हा हा तिच्याबरोबर होता. डॉक्टर गेला म्हणताच तिला सोडून दिली, शाळकरी पोरीला जशी समजूत घालतात तशी घालून. आणि फेर्मिनाला पत्रं लिहायला बसला. ही पत्रं मात्र आधीच्यासारखी नव्हेत. टाइपरायटर शिकला, आणि म्हातारपण, मरण, संसार ह्यांवर शांतपणे लिहायला लागला. ती पत्रं फेर्मिनाला लागली हो. तिला बरं वाटायला लागलं. मंगळवारी चहाला यायला लागला. तिच्या मुलीने नाक मुरडलं, ह्या वयात प्रेम म्हणजे घाण आहे म्हणाली, तर फेर्मिनाने पोटच्या मुलीला घराबाहेर काढलं. तेव्हा मी अंथरुणात टाळी वाजवली. खरंच. म्हणजे बघा, एकीकडे माझा जीव त्या 72 वर्षांच्या बाईत, ती उठून नदीवरच्या बोटीत बसावी म्हणून, आणि दुसरीकडे ती पोर शाळेच्या वसतिगृहात.

"तिचं काय झालं?"

"नापास झाली. ह्याची आणि फेर्मिनाची पत्रं तिच्या हाती लागली. लॉडनम घेतलं."

"ते काय?"

"अफूचं औषध. ह्याला बोटीवर तार आली."

काकूंनी डोळे मिटले. तारेचं काय असतं ते त्यांना सांगावं लागत नाही. गावात कुणाकडे तार आली की काका स्वतः सायकलवर जायचे, पोऱ्याला पाठवायचे नाहीत.

"मग उतरला का तो बोटीवरून?"

"नाही."

इथे मला पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटलं. लेखकाने त्याच्या दुःखाला एक परिच्छेद दिला, आणि बोट पुढे निघाली. आता लोक सांगतात, लेखकाला कळतंच होतं की हा माणूस चांगला नाही, त्याने तो चांगला आहे म्हणून कुठे म्हटलंय? तेही खरं. मार्केझने लोकांना ह्या कथेत फसू नका असं बजावलं होतं म्हणतात. पण फसायला एवढं सुंदर केलं कुणी? फणस फोडल्यासारखं झालंय माझं. गरे गोड लागले, आणि चीक अजून हाताला आहे. तेल लावूनही जात नाही.

"शेवट काय?"

"शेवट फार चांगला आहे हो, तोच तर राग आहे." बोटीवर दोघं म्हातारी. त्वचेला म्हातारपणाचा वास येतो हे लेखक लपवत नाही. ती त्याला स्वच्छ सांगते, मला म्हातारीचा वास येतोय. काठची झाडं सगळी बॉयलरला जाळून संपलेली, नदीतल्या पाणगाई मेलेल्या. परतीला ओळखीची माणसं चढू नयेत म्हणून कप्तानाला सांगून बोटीवर कॉलऱ्याचा पिवळा बावटा लावतात. साथ नसताना. मग त्यांना बंदरात कुणी उतरू देईना. तर म्हणे, वळव बोट, परत जाऊ. किती वेळ असं ये-जा करायचं, कप्तान विचारतो. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, तेवढ्या वर्षांपासून. ते सांगत नाही मी, वाचा तुम्हीच.

"मला इंग्रजी जमेल?"

"जमेल. ईडिथ ग्रॉसमनचं भाषांतर आहे, 1988 चं. सरळ आहे."

काकूंनी सोलांवर हात फिरवला, दोन-चार चिकटलेली सुटी केली. "मला एक सांग. ती बोटीत बसली ते त्याच्यासाठी की घरातून सुटायला?"

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी त्याचं प्रेम खरं की खोटं ह्यातच अडकले होते, आणि तिकडे ती बाई पन्नास वर्षांनी पहिल्यांदा कुणाचंही न ऐकता निघाली होती. बाजारात हात हलवला तेव्हाही तिनेच ठरवलं, आणि बोटीतही. मधल्या काळात ठरवलं दुसऱ्यांनी. तो मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसाच. वाट बघणं सोडून त्याने काही केलंच नाही, म्हणजे 622 सोडून.

"सुटायलाच असेल," मी म्हटलं. "पण मग तो तिथे होता म्हणून बरं, नाहीतर बोटीचं तिकीट काढलं असतं का तिने?"

"काढलं असतं. उशिरा." काकू म्हणाल्या. "आणि त्या पोरीच्या आईबापांना कुणी कळवलं?"

"पुस्तकात नाही."

"नाही म्हणजे? एवढं मोठं पुस्तक!"

"नाही."

"मग मला नको ते. घरात नको." त्यांनी सूप काखेत घेतलं, चार पावलं गेल्या, आणि पडवीतूनच ओरडल्या, "सुमे, असं कर, साबणाचं तेवढं पान खूण घालून दे. आणि बाजारातलं. बाकी तू सांगितलंसच आहेस."

"तिसऱ्या प्रहरी आणते."

"आणि वांग्याचं!"